कॅसेट वापरून यीस्टमधील जनुक कसे काढावे: पहिल्यांदा प्रयोग करणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

जैवतंत्रज्ञान किंवा सूक्ष्मजीवशास्त्राच्या एम.एस्सी.चा प्रकल्प असो वा पीएच.डी.चे पहिले वर्ष, यीस्टमधील एखादे जनुक काढून त्या जागी प्रतिजैविक सहन करण्याची क्षमता देणारी कॅसेट बसवण्याचे काम अनेकांच्या वाट्याला येते. मूळ शोधनिबंध थोडक्यात लिहिलेले असतात आणि प्रयोगशाळेतली वही आधीच्या विद्यार्थ्याच्या खुणांनी भरलेली असते, त्यामुळे नवख्या माणसाला पाककृती मिळते, पण प्रत्येक पायरीमागचे कारण मिळत नाही. हे काम मी केले आहे आणि इतरांना शिकवलेही आहे. त्यावरून एक गोष्ट आधीच सांगतो. कॅसेट पेशीत शिरवणे हा या कामाचा सोपा भाग आहे. ती नेमकी ठरवलेल्या जागी बसली आहे आणि दिसणारा बदल तिच्यामुळेच झाला आहे, हे सिद्ध करण्यात खरा वेळ जातो. म्हणून वेळापत्रक आखताना पडताळणीसाठी निम्मे दिवस राखून ठेवा.

उदाहरण म्हणून मी एडीई२ हे जनुक घेतो. ते गेले की पेशीला अॅडेनिन स्वतः तयार करता येत नाही, त्या मार्गातला एक मधला पदार्थ साठत जातो आणि कॉलनी गुलाबी ते लाल दिसू लागते. परिणाम डोळ्यांना दिसतो, म्हणून पहिल्या सरावाला याहून सोयीचे जनुक सापडणे कठीण आहे.

१. कॅसेटमध्ये काय असते ते समजून घ्या

येथे कॅसेट म्हणजे स्वतंत्रपणे काम करू शकणारा डीएनएचा तयार तुकडा. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या कॅनएमएक्स कॅसेटमध्ये तीन भाग असतात. मधला भाग ई. कोलाय या जिवाणूत सापडलेल्या टीएन९०३ या ट्रान्सपोझॉनमधले (जीनोममध्ये जागा बदलू शकणाऱ्या डीएनएच्या तुकड्यातले) कॅनामायसिन-रोधक जनुक आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना अॅशबिया गॉसिपी या बुरशीच्या टीईएफ जनुकाचे प्रमोटर (जनुक वाचायला सुरुवात करून देणारा भाग) आणि टर्मिनेटर (वाचन थांबवणारा भाग) जोडलेले आहेत. ही रचना १९९४ मध्ये वाख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केली. प्रमोटर यीस्टचा न घेता दुसऱ्या बुरशीचा घेण्यामागे व्यवहारी कारण आहे. तो यीस्टमध्ये उत्तम चालतो, पण त्याचा अनुक्रम यीस्टच्या जीनोमशी फारसा जुळत नाही, त्यामुळे कॅसेट भलत्याच ठिकाणी ओढली जाण्याचा धोका कमी होतो.

कॅसेटच्या दोन्ही टोकांना तुमच्या जनुकाच्या लगतचे ४० ते ५० बेस (डीएनएची अक्षरे) जोडले की यीस्टची पेशी होमोलोगस रिकॉम्बिनेशनने ती टोके आपल्या गुणसूत्राशी जुळवते, मधले जनुक टाकून देते आणि तेथे कॅसेट बसवते. इतक्या आखूड जुळणीवर हे काम होते ही बेकर्स यीस्टची खासियत आहे. सस्तन प्राण्यांच्या पेशींमध्ये तुटलेली टोके जुळणी न पाहता सांधली जाण्याकडे कल असतो, म्हणून हीच युक्ती तेथे जशीच्या तशी चालत नाही.

२. आधी जमवायचे साहित्य आणि कागदपत्रे

कागदपत्रांपासून सुरुवात करा, कारण उशीर तेथेच होतो. भारतात जनुकीय बदलाचे कोणतेही काम संस्थेच्या जैवसुरक्षा समितीच्या माहितीबाहेर करता येत नाही. जैवतंत्रज्ञान विभागाने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तुमचा प्रयोग कोणत्या वर्गात मोडतो हे मार्गदर्शकांना विचारून घ्या, समितीकडे अर्ज किंवा सूचना आधी जाऊ द्या आणि तिची प्रत वहीत लावा. प्लाझ्मिड (डीएनएचे लहान वर्तुळ) किंवा स्ट्रेन (यीस्टचा विशिष्ट वाण) बाहेरून मागवणार असाल तर साहित्य-हस्तांतरण करार लागतो आणि त्यावर विद्यार्थ्याची नव्हे, संस्थेच्या अधिकृत व्यक्तीची सही लागते. अॅडजीन आणि युरोस्कार्फ ही प्लाझ्मिड व यीस्ट स्ट्रेनची दोन परिचित भांडारे आहेत. मात्र परदेशी मागणी नोंदवण्याआधी आसपासच्या यीस्ट प्रयोगशाळांत चौकशी करा, कारण या प्लाझ्मिड बहुतेक ठिकाणी फ्रीजरमध्ये पडून असतात. अशी देवाणघेवाण मूळ करारात बसते का, एवढे मात्र पाहून घ्या.

साहित्य पुढीलप्रमाणे लागेल:

- पीएफए६ए-कॅनएमएक्स६ प्लाझ्मिड
- बीवाय४७४१ हा हॅप्लॉइड (गुणसूत्रांची एकच प्रत असलेला) यीस्ट स्ट्रेन
- दोन लांब प्रायमर आणि पडताळणीचे सहा आखूड प्रायमर (प्रायमर म्हणजे पीसीआरची, म्हणजे डीएनएच्या तुकड्याच्या प्रती वाढवण्याची, सुरुवात करून देणारे डीएनएचे एकेरी धागे)
- वायपीडी माध्यम: यीस्ट एक्स्ट्रॅक्ट १ टक्का, पेप्टोन २ टक्के, डेक्स्ट्रोज २ टक्के
- जी४१८ हे प्रतिजैविक
- लिथियम अॅसिटेट, पीईजी ३३५० आणि सॅमन माशाच्या शुक्राणूंचा कॅरियर डीएनए
- निर्जंतुक मखमलीचे तुकडे आणि रेप्लिका प्लेटिंगचा (कॉलन्यांचा ठसा दुसऱ्या प्लेटवर उमटवण्याचा) ठोकळा
- ग्लिसरॉल आणि उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये जागा

स्ट्रेनच्या बाबतीत एक सूचना आवर्जून देतो. बाजारात मिळणारे पावाचे यीस्ट सरावाला घेऊ नका. त्यात गुणसूत्रांच्या अनेक प्रती असतात, त्यामुळे एका प्रतीतले जनुक गेले तरी दुसरी प्रत काम करत राहते आणि परिणाम दिसत नाही. रानटी स्ट्रेनमध्ये आणखी एक अडचण असते. यीस्टच्या तिसऱ्या गुणसूत्रावर लिंगप्रकाराच्या मूक प्रती असतात आणि एचओ हे जनुक शाबूत असेल तर पेशी त्यातली एक प्रत चालू जागी आणून आपला प्रकार बदलते. मग शेजारच्या पेशीशी संयोग होतो आणि तुमचे हॅप्लॉइड कल्चर नकळत डिप्लॉइड (गुणसूत्रांच्या दोन प्रतींचे) होते. बीवाय४७४१ मध्ये एचओ निकामी आहे, म्हणून तो निवडावा.

३. जनुकाचा अनुक्रम योग्य दिशेने उतरवून घ्या

सॅकरोमायसिस जीनोम डेटाबेसवर जनुकाच्या पानावर जाऊन दोन्ही बाजूंच्या १,००० बेससह अनुक्रम उतरवून घेण्याची सोय आहे. तोच पर्याय निवडा. एडीई२ चे पद्धतशीर नाव वायओआर१२८सी असे आहे. त्यातला ‘ओ’ म्हणजे पंधरावे गुणसूत्र, ‘आर’ म्हणजे उजवी भुजा, आकडा म्हणजे सेंट्रोमियरपासूनचा (गुणसूत्राच्या दोन भुजा जिथे मिळतात त्या जागेपासूनचा) क्रम आणि शेवटचा ‘सी’ म्हणजे जनुक उलट धाग्यावर आहे. ज्यांच्या नावाच्या शेवटी ‘सी’ असतो त्या जनुकांच्या बाबतीत गुणसूत्राच्या नकाशावरून हाताने अनुक्रम उचलला तर सुरुवात आणि शेवट यांची अदलाबदल होते आणि प्रायमर आल्यावरच चूक लक्षात येते. उतरवलेल्या अनुक्रमात एटीजीने सुरू होणारी आणि थांबा-संकेतावर संपणारी १,७१६ बेसची सलग पट्टी दिसते का, हे स्वतः मोजून पाहा.

शेजारची जनुकेही याच वेळी पाहून ठेवा. यीस्टचा जीनोम दाटीवाटीचा आहे. सुमारे १.२ कोटी बेस-जोड्यांत जवळपास ६,००० जनुके बसलेली आहेत, आणि दोन जनुकांमधली जागा अनेकदा काही शे बेसच असते. तुमचे जनुक काढताना शेजाऱ्याचा प्रमोटर कापला जाणार असेल तर सीमा तेथे थोडी आत घ्या. असे न करता पुढे गेल्यास, एका जनुकाचा म्हणून जो परिणाम तुम्ही नोंदवाल तो दुसऱ्याचाच असू शकतो.

४. लांब प्रायमर लिहा

पुढच्या प्रायमरमध्ये आधी एटीजीच्या लगतचे वरच्या बाजूचे ४५ बेस येतात आणि त्यापुढे प्लाझ्मिडवर बसणारे २० बेस. मागच्या प्रायमरमध्ये थांबा-संकेतानंतरच्या ४५ बेसचा उलट-पूरक अनुक्रम आणि त्यापुढे प्लाझ्मिडवर बसणारे दुसऱ्या बाजूचे २० बेस. एकूण लांबी ६५. प्लाझ्मिडवर बसणारे २०-२० बेस लाँगटीन आणि सहकाऱ्यांच्या १९९८ च्या शोधनिबंधात दिलेले आहेत. दुसऱ्याच्या वहीतून ते नकलून न घेता मूळ निबंधातून घ्यावेत. उलट-पूरक करताना फक्त उलटे किंवा फक्त पूरक करून थांबणे ही सर्वांत वारंवार आढळणारी चूक आहे. म्हणून मागणी नोंदवण्यापूर्वी संगणकावर संपूर्ण पीसीआर आणि त्यानंतरचे बदललेले गुणसूत्र जोडून पाहावे. ते कागदावर जुळले नाही तर पेशीतही जुळणार नाही.

लांब प्रायमरविषयी एक गोष्ट पुरवठादार सहसा सांगत नाहीत. प्रायमर रासायनिक पद्धतीने एकेक बेस जोडत तयार होतो. प्रत्येक जोडणीला ९९ टक्के यश मिळते असे धरले, तर ६५ बेसच्या प्रायमरमध्ये ६४ जोडण्यांनंतर पूर्ण लांबीचे रेणू जेमतेम ५२-५३ टक्के उरतात. ही जोडणी ३' टोकाकडून ५' टोकाकडे होत असल्यामुळे अर्धवट राहिलेल्या रेणूंमध्ये गुणसूत्राशी जुळणारे टोकच तोकडे पडते. असे रेणू पीसीआरमध्ये उत्तम चालतात, जेलवर ठसठशीत बँड देतात आणि यीस्टमध्ये मात्र कमी पडतात. ६५ लांबीपर्यंत केवळ क्षार काढलेले प्रायमर बहुधा चालून जातात. त्याहून लांब प्रायमरसाठी शुद्धीकरणाचे पैसे मोजणे मला योग्य वाटते.

५. पीसीआरने कॅसेट तयार करा

प्लाझ्मिड अगदी थोडी, म्हणजे ५० मायक्रोलिटर मिश्रणाला एक-दोन नॅनोग्रॅम, पुरते. प्रायमर कोणत्या तापमानाला बसेल हे काढताना शेवटचे २० बेसच धरा. संगणकाला पूर्ण ६५ दिले तर तो फार चढे तापमान सुचवतो आणि पहिल्या काही आवर्तनांत प्रायमर बसतच नाही. सुमारे दीड हजार बेस-जोड्यांचा एकच बँड मिळाला पाहिजे. तीन-चार नळ्यांतले उत्पादन एकत्र करून इथेनॉलने अवक्षेपित करा आणि थोड्या पाण्यात विरघळवा. एका ट्रान्सफॉर्मेशनला (पेशीत डीएनए शिरवण्याच्या प्रक्रियेला) एक ते दोन मायक्रोग्रॅम डीएनए हाताशी असू द्या. उरलेल्या मूळ प्लाझ्मिडची चिंता येथे करावी लागत नाही, कारण तिच्यात यीस्टमध्ये दुणावण्यासाठी लागणारा आरंभबिंदू नाही.

६. ट्रान्सफॉर्मेशन

गीट्झ यांची लिथियम अॅसिटेट पद्धत वापरा. रात्रभर वाढवलेल्या कल्चरमधून ताज्या वायपीडीमध्ये दर मिलिलिटरला ५० लाख पेशी या घनतेने सुरुवात करा आणि ३० अंशांवर हलवत ठेवून ती २ कोटींपर्यंत पोहोचू द्या, म्हणजे पेशी किमान दोनदा दुणावतील. घाई करून शिळ्या कल्चरवर काम करू नका. वाढीच्या भरात असलेल्या पेशीच डीएनए चांगला घेतात. एका ट्रान्सफॉर्मेशनला सुमारे १० कोटी पेशी लागतात. त्या पाण्याने धुऊन, सेंट्रिफ्यूज करून, वरचे पाणी काढून टाका आणि पुढील क्रमाने द्रव्ये घाला:

- ५० टक्के पीईजी ३३५०: २४० मायक्रोलिटर
- १ मोलर लिथियम अॅसिटेट: ३६ मायक्रोलिटर
- उकळून बर्फात थंड केलेला कॅरियर डीएनए, मिलिलिटरला २ मिलिग्रॅम: ५० मायक्रोलिटर
- तुमची कॅसेट आणि पाणी मिळून: ३४ मायक्रोलिटर

एकूण ३६० मायक्रोलिटर होतात. पीईजी आधी घालण्याचे कारण असे की तीव्र लिथियम अॅसिटेट थेट पेशींवर पडू नये. पेशींचा गोळा पूर्ण सुटेपर्यंत मिसळा आणि ४२ अंशांच्या पाण्यात ४० मिनिटे ठेवा. या पद्धतीत काही बिघडलेच तर संशय आधी पीईजीवर घ्या. बाटली सैल झाकणाने ठेवली की पाणी उडून त्याचे प्रमाण बदलते, आणि थोड्या फरकानेही कॉलन्यांची संख्या कोसळते. ते ताजे, आकारमान नेमके मोजून करावे.

सोबत दोन नळ्या हव्यातच. एकीत डीएनए घालू नका. दुसरीत यूआरए३ ही खूण (पेशीला युरॅसिल तयार करू देणारे जनुक) असलेली, यीस्टमध्ये टिकणारी एखादी प्लाझ्मिड घाला आणि त्या पेशी युरॅसिल नसलेल्या प्लेटवर पसरा. कॅसेटच्या प्लेटवर काहीच आले नाही तर दोष पेशींचा की कॅसेटचा, हे या दुसऱ्या नळीवरूनच कळते.

उष्णतेचा धक्का दिल्यानंतर पेशी लगेच जी४१८ च्या प्लेटवर टाकू नका. कॅसेटमधले जनुक वाचून प्रथिन तयार व्हायला वेळ लागतो. एक मिलिलिटर वायपीडीमध्ये ३० अंशांवर तीन ते चार तास हलवत ठेवा आणि मगच पसरा.

७. जी४१८ च्या प्लेट

जनुकाचे नाव कॅनामायसिन-रोधक असले तरी प्लेटमध्ये कॅनामायसिन घालू नये, कारण त्याने यीस्ट मरत नाही. जी४१८ लिटरला २०० मिलिग्रॅम या प्रमाणात घालतात, पण हे प्रमाण सक्रिय द्रव्याचे आहे. कुपीवर त्या खेपेची क्षमता लिहिलेली असते. ती मिलिग्रॅमला ७३० मायक्रोग्रॅम असेल तर लिटरला २०० नव्हे, २७४ मिलिग्रॅम पावडर लागते. हा हिशेब न केल्याने प्लेटवर कॉलन्यांची साय येते आणि सगळे हर्षभरित होतात. माध्यम ५०-५५ अंशांपर्यंत निवल्यावरच प्रतिजैविक घाला आणि प्रत्येक नव्या खेपेच्या प्लेटवर मूळ स्ट्रेन वाढत नाही ना, हे आधी पाहून घ्या.

दुसरा सापळा संश्लेषित माध्यमाचा आहे. त्यातले अमोनियम सल्फेट जी४१८ चा प्रभाव मारते. वायपीडीऐवजी असे माध्यम वापरणे भाग असेल तर अमोनियम सल्फेट वगळून नायट्रोजनसाठी मोनोसोडियम ग्लुटामेट लिटरला १ ग्रॅम घालतात.

पहिल्या प्लेटवर एक-दोन दिवसांत बारीक कॉलन्यांचा फिकट थर दिसतो. त्यातल्या बहुतेक पेशींनी कॅसेट काही काळ बाळगलेली असते, गुणसूत्रात बसवलेली नसते. मखमलीवर ठसा घेऊन तो ताज्या जी४१८ प्लेटवर उमटवा. खऱ्या कॉलन्या तेथे मोठ्या होतात, बाकीच्या थांबतात. शेवटी दहा-वीस कॉलन्या मिळाल्या तरी काम भागते. त्यातल्या सहा-आठ निवडून पुन्हा एकेरी कॉलनीसाठी रेषा ओढा. ही पायरी वगळल्यास पुढच्या पीसीआरमध्ये दोन प्रकारच्या पेशींचे मिश्रण तपासले जाते आणि निकाल वाचता येत नाही.

८. पडताळणी

तिसऱ्या दिवसापासून काही कॉलन्या गुलाबी होऊ लागतील. त्या पाहून प्रकल्प संपला असे वाटते, पण रंग हा पुरावा नव्हे. एडीई१ या दुसऱ्या जनुकात उत्परिवर्तन झाले तरीही यीस्ट लाल होते. उलट बाजूही आहे. लाल रंग तयार होण्यासाठी पेशीचे श्वसन चालू असावे लागते. ज्या पेशींच्या मायटोकाँड्रियात बिघाड होतो, ज्यांना पेटीट म्हणतात, त्या एडीई२ गेलेले असूनही पांढऱ्या राहतात. कॉलनी लहान आणि पांढरी असेल तर ग्लिसरॉल हाच कर्बस्रोत असलेल्या प्लेटवर ती वाढते का ते पाहा. पेटीट तेथे वाढत नाही. शिवाय यीस्ट एक्स्ट्रॅक्टच्या खेपेनुसार त्यातले अॅडेनिन कमीजास्त असते आणि अॅडेनिन भरपूर असले की रंग फिका पडतो.

अॅडेनिनरहित प्लेटवर तुमचे उत्परिवर्तित यीस्ट वाढता कामा नये. ही प्लेट करताना बीवाय४७४१ ला हिस्टिडिन, ल्युसिन, मेथिओनिन आणि युरॅसिल बाहेरून लागतात हे विसरू नका. ती न घातल्यास मूळ स्ट्रेनही वाढत नाही आणि चाचणी यशस्वी झाल्याचा भास होतो.

खरी तपासणी पीसीआरची. बहुतेक जण जनुकाच्या दोन्ही बाजूंना बाहेर बसणारी एक प्रायमर जोडी वापरून आकारातला फरक पाहतात. एडीई२ साठी हा मार्ग फसवा आहे. समजा दोन्ही प्रायमर जनुकाच्या बाहेर ३००-३०० बेसवर बसतात. मूळ स्ट्रेनमध्ये बँड २,३१६ चा येईल आणि कॅसेट बसली असेल तर सुमारे २,१०० चा. जनुक आणि कॅसेट यांची लांबी जवळपास सारखी असल्याने साध्या १ टक्का अॅगरोज जेलवर हे दोन बँड खात्रीने वेगळे ओळखता येत नाहीत. म्हणून टोके स्वतंत्र तपासावीत. सहा प्रायमर करा: ‘अ’ जनुकाच्या वर २०० ते ४०० बेसवर, ‘ब’ आणि ‘क’ जनुकाच्या आत, ‘ड’ जनुकाच्या खाली तेवढ्याच अंतरावर, आणि कॅसेटच्या आतून दोन्ही दिशांना बाहेर पाहणारे दोन. मग चार जोड्या चालवा.

- ‘अ’ आणि कॅसेटचा डावा प्रायमर: बँड आला पाहिजे
- कॅसेटचा उजवा प्रायमर आणि ‘ड’: बँड आला पाहिजे
- ‘अ’ आणि ‘ब’: बँड येता कामा नये
- ‘क’ आणि ‘ड’: बँड येता कामा नये

चारही जोड्या मूळ स्ट्रेनवरही चालवा. तेथे निकाल नेमका उलटा आला तरच ‘बँड आला नाही’ या निरीक्षणाला अर्थ आहे. ‘अ’ प्रायमर कॅसेटसोबत नेलेल्या ४५ बेसच्या आत बसवू नका, कारण मग कॅसेट कोठेही बसली तरी बँड येईल.

डीएनए मिळवण्यासाठी कॉलनीचा टाचणीच्या डोक्याएवढा भाग २० मिलिमोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये घेऊन ९५ अंशांवर दहा मिनिटे तापवला की पुरते. कॉलनी जास्त घेतली तर पीसीआर बंद पडतो. विद्यार्थ्यांना हे पटवणे मला नेहमी जड गेले आहे.

कधी चारही जोड्यांना बँड येतात, म्हणजे कॅसेटही आहे आणि जनुकही आहे. कॉलनी मिश्र नसेल तर त्या पेशीत ते गुणसूत्र किंवा तेवढा भाग दुपटीने आहे असे समजावे. जनुक जगण्यास अत्यावश्यक असेल तर हॅप्लॉइडमध्ये अशाच कॉलन्या हाती लागतात, किंवा काहीच लागत नाही. त्या वेळी बीवाय४७४३ या डिप्लॉइडमध्ये एकच प्रत काढावी, बीजाणू तयार करून चौकडी (एका पेशीतून निघालेले चार बीजाणू) सुटी करावी आणि चारांपैकी दोन जगतात व दोन मरतात का ते पाहावे. जगलेले दोन्ही जी४१८ ला बळी पडत असतील तर जनुक अत्यावश्यक असल्याचा तो भक्कम पुरावा ठरतो.

९. बदल कॅसेटमुळेच झाला हे दाखवा

ट्रान्सफॉर्मेशनची प्रक्रिया पेशींवर ताण आणते आणि त्यात गुणसूत्रांवर इतरत्र बदल होऊ शकतात. त्यामुळे एकाच कॉलनीवर निष्कर्ष काढू नये. स्वतंत्रपणे मिळालेले किमान तीन स्ट्रेन सारखे वागतात का ते पाहा. त्याहून बळकट पुरावा म्हणजे काढलेले जनुक त्याच्या स्वतःच्या प्रमोटरसह सेंट्रोमियर असलेल्या प्लाझ्मिडवर परत देणे. एडीई२ परत मिळताच कॉलन्या पांढऱ्या होतात आणि अॅडेनिनशिवाय वाढतात. सोबत रिकामी प्लाझ्मिड दिलेले यीस्ट लालच राहिले पाहिजे. शेजारच्या जनुकाला धक्का लागला असेल तर तेही येथेच उघड होते, कारण तुमचे जनुक परत देऊनही पेशी सुधारत नाही.

तपासलेला प्रत्येक स्ट्रेन त्याच दिवशी २० टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांवर ठेवा. लेबलवर मूळ स्ट्रेन, काढलेले जनुक, कॅसेट, कॉलनीचा क्रमांक आणि तारीख लिहा.

१०. दुसरे जनुकही काढायचे असेल तर

त्यासाठी वेगळ्या प्रतिजैविकाची कॅसेट लागते. नॅटएमएक्ससाठी नोर्सिओथ्रिसिन लिटरला १०० मिलिग्रॅम आणि एचपीएचएमएक्ससाठी हायग्रोमायसिन ३०० मिलिग्रॅम वापरतात. पण या सगळ्या कॅसेट एकाच घराण्यातल्या असून त्यांचे टीईएफ प्रमोटर आणि टर्मिनेटर सारखेच आहेत. नवी कॅसेट आत गेली की तिच्या ४५ बेसच्या टोकांपेक्षा जुन्या कॅसेटशी असलेली शेकडो बेसची जुळणी पेशीला जास्त ओढते, आणि नवे जनुक निघण्याऐवजी जुनी खूणच बदलून जाते. दुसऱ्या ट्रान्सफॉर्मेशननंतर मिळालेली प्रत्येक कॉलनी आधी जी४१८ वर ठसा घेऊन पाहा. तेथे न वाढणाऱ्या कॉलन्या टाकून द्या आणि उरलेल्यांवरच पीसीआरचा खर्च करा.

खूण काढून टाकायची असेल तर पीयूजी६ प्लाझ्मिडवरची, दोन्ही बाजूंना लॉक्सपी (क्रे हे विकर ओळखते तो आखूड अनुक्रम) असलेली कॅसेट सुरुवातीपासूनच निवडावी लागते. क्रे हे विकर मग मधला भाग छाटून टाकते आणि जागेवर एक लॉक्सपी उरते. अशा खुणा तीन-चार ठिकाणी उरल्या की त्या आपसांत जुळून गुणसूत्रांची उलथापालथ होण्याचा धोका वाढतो, म्हणून हा मार्ग मोजक्याच जनुकांपुरता ठेवावा.

११. कॅसेटमध्ये ओळखक्रमांक नोंदवायचा असेल तर

यीस्टचा जीनोम १९९६ मध्ये पूर्ण वाचला गेल्यानंतर अनेक प्रयोगशाळांनी मिळून जवळपास प्रत्येक जनुक याच कॅनएमएक्स कॅसेटने काढलेल्या स्ट्रेनचा संच तयार केला. त्या कॅसेटमध्ये प्रत्येक स्ट्रेनसाठी २० बेसचे दोन वेगळे बारकोड बसवलेले आहेत. चार अक्षरांच्या २० जागा म्हणजे सुमारे १.१ लाख कोटी शक्यता, त्यामुळे एकमेकांशी गोंधळ होणार नाहीत इतके दूरचे अनुक्रम निवडायला भरपूर वाव होता. हजारो स्ट्रेन एकाच फ्लास्कमध्ये वाढवून, एखादे औषध घालून, शेवटी डीएनए काढला आणि बारकोड मोजले की कोणता स्ट्रेन वाढला आणि कोणता मागे पडला याची नोंद एकाच प्रयोगातून मिळते. बारकोडच्या दोन्ही बाजूंना सर्व स्ट्रेनमध्ये सारखेच अनुक्रम ठेवलेले असल्याने एकाच प्रायमर जोडीने सगळे बारकोड वाढवता येतात.

तुमच्या प्रकल्पात अशी मोजणी पुढे करावी लागण्याची शक्यता असेल तर त्याचा निर्णय चौथ्या पायरीलाच घ्या, कारण बसलेल्या कॅसेटमध्ये बारकोड नंतर घालणे म्हणजे सगळे काम पुन्हा करणे होय. बारकोड जुळणीच्या टोकाच्या आत आणि प्लाझ्मिडवर बसणाऱ्या २० बेसच्या आधी यावा लागतो. एवढे सगळे एका प्रायमरमध्ये कोंबले तर तो १०० बेसच्या पुढे जातो आणि वर दिलेल्या हिशेबाप्रमाणे पूर्ण लांबीचे रेणू फारच थोडे उरतात. त्या संचासाठी म्हणूनच पीसीआर दोन फेऱ्यांत केला होता. पहिल्या फेरीतल्या प्रायमरमध्ये बारकोड आणि जुळणीचा आखूड तुकडा होता, आणि दुसऱ्या फेरीतल्या प्रायमरने जुळणी ४५ बेसपर्यंत वाढवली. नव्याने सुरुवात करणाऱ्यानेही हाच मार्ग धरावा. दुसऱ्या फेरीसाठी पहिल्या फेरीचे उत्पादन सौम्य करून घ्यावे, आणि ट्रान्सफॉर्मेशनपूर्वी बारकोडचा भाग एकदा सिक्वेन्सिंग करून वाचून घ्यावा.